सॅक्सोफोनची जागा

"भांडणं झाली वाटतं ह्यांची," मी म्हणालो.

मी काही हळू बोललो नव्हतो. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पदरावर पाय दिला होता. पण खोटं काय बोललो होतो? स्टेजवर पाच माणसं होती. त्यातल्या पियानोवाल्यानं हात काढून मांडीवर ठेवले. माणसाएवढं उंच फिडल वाजवणारा घाम पुसायला लागला. ड्रमवाला तर चक्क उठून पाणी प्यायला गेला. मधोमध एकटा अमेरिकेतला म्हातारा सॅक्सोफोनवाला उरला, आणि तो डोळे मिटून वाजवत सुटला.

निमगाव केतकीत मी वीस वर्षं बँड चालवतोय. असं कधी होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. कोणी पिऊन आला, मला उलट बोलला किंवा ओळ सोडून स्वतःची शहाणपट्टी वाजवायला लागला, की मी छडी दोनदा वर करतो. बाकीच्यांनी जागच्या जागी थांबायचं. तो एकटा भर रस्त्यात वाजवत राहतो, बावचळतो, लोक फिदीफिदी हसतात, आणि दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात गणवेश आणून टाकतो. आमच्यात ह्याला उघडं पाडणं म्हणतात. ट्रम्पेटवाल्या भीमाला मी असाच पाडला होता. तो आता आठवडे बाजारात कांदे विकतो आणि मी दिसलो की तोंड फिरवतो.

"भांडान न्हाय, अप्पा," शेजारी बसलेला माझ्या बँडमधला जोतीराम म्हणाला. "वाट दिलीया त्येला."

"कसली वाट?"

"गप बसा की जरा."

मला, बँडच्या मालकाला, गप बसा म्हणाला. माझं डोकं तिथंच फिरलं.

हे चौऱ्याण्णव सालच्या मार्चमधलं. सॅक्सोफोनचे पॅड गळायला लागले होते, चाव्यांखालून हवा निसटत होती, म्हणून आम्ही दोघं पुण्याला दुरुस्तीच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, संध्याकाळपर्यंत होईल, तोवर हे पास घ्या, परदेशी कलाकार आलेत, बसा ऐकत. फुकटचं होतं आणि आत पंखे होते, म्हणून मी गेलो. नसतो गेलो तर बरं झालं असतं.

जोतीराम लोणी भापकरकडचा. त्याच्या आज्यानं जन्मभर मेंढरं राखली, बापानं ती विकून विहीर पाडली, आणि हा लग्नानंतर निमगावात येऊन ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या पंपावर लागला. सकाळी मोटर चालू करायची, संध्याकाळी चालू करायची, मधल्या वेळात पंपाच्या खोलीत बसून सॅक्सोफोन वाजवायचा. सॅक्सोफोन माझा. कोट माझा, टोपी माझी. बँडमध्ये वाद्य मालकाचंच असतं, वाजवणाऱ्याचा फक्त दम. पण हा बाबा नऊ वर्षं ते वाद्य पोटच्या पोरीसारखं सांभाळत होता. त्याची बायको प्रयागबाई मला म्हणायची, "अप्पा, तेवढं वाजंत्र तुमच्या घरी ठिवून घ्या. त्येच्याबिगर ह्यो मानूस कुनाशी बोलत न्हाय." मी हो म्हणायचो आणि ठेवून घेत नसे. त्याच्यासारखा वाजवणारा तालुक्यात दुसरा नव्हता. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. कौतुक केलं की माणसं डोक्यावर बसतात.

तर पुण्याच्या त्या हॉलमध्ये म्हातारा एकटा वाजवत होता. आधी हळू, मग एकाच सुराला धरून खालीवर, मग मधेच थांबून, मग पुन्हा. मला त्यात गाणं कुठं आहे तेच सापडेना. त्याचं संपायच्या आधीच लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाकीचे एकेक करत परत आले आणि म्हातारा बाजूला होऊन पियानोवाल्याकडे बघत हसत उभा राहिला. नंतर आफ्रिकेतला एक ढोलवाला आला. जोतीराम माझं मनगट धरून म्हणाला, "अप्पा, आयका! बिरोबाच्या जत्रंतला ढोल. ह्योच!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्याला नव्हतं. चाळीस वर्षांचा बाप्या, चारचौघांत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "अप्पा, मला येकदा तसं वाजवायचंय. समदी थांबल्याली, आन मी येकटा. येकदाच."

"लग्नात?"

"मग आपुन दुसरं कुठं वाजवतो?"

"हे बघ जोतीराम, पोरं सांगतील ती सिनेमाची गाणी वाजवायची, सांगतील तशी. एक सूर इकडचा तिकडं झाला तर सॅक्सोफोन काढून घेईन. परत हात लावू देणार न्हाय."

तो एस.टी.त इंदापूरपर्यंत सॅक्सोफोनची पेटी मांडीवर घेऊन बसला, सीटखाली ठेव म्हटलं तरी ठेवली नाही.

त्यानंतर त्याचं वाजवणं बिघडलं. म्हणजे लोकांना कळलं नसतं, मला कळत होतं. ओळीच्या शेवटी एखादी मुरकी जास्त, कुठं मुद्दाम मागं रेंगाळणं. मी डोळे वटारायचो, तो मान खाली घालायचा, आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच. बाकीची माणसंही त्याच्याकडे कान लावून वाजवायला लागली. ड्रमवाला सिद्धू तर माझ्या छडीकडे बघायचंच विसरला. बँड माझा होता, आणि मी पुढं नुसता छडी घेऊन चालत होतो. राग राग म्हणतात तो मला त्या उन्हाळ्यात रोज यायचा.

मे महिन्यात बावड्याला मोठं लग्न होतं. ऊसवाल्या पाटलांचं घर, कारभार सगळा नवरदेवाचा थोरला भाऊ विजयसिंह याच्या हातात. दुपार कलली तसा नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला. पुढं पोरं नाचत होती, त्यांच्यापुढं आम्ही. चौकाच्या वळणावर जोतीरामनं ओळ सोडली. गाणं डावीकडं चाललं होतं, हा उजवीकडं गेला. नाचणाऱ्या पोरांचे पाय अडखळले.

"ओ अप्पा!" विजयसिंह ओरडला. "ह्ये काय चाललंय? लगीन हाय का कुनाची मयत हाय?"

मी वळलो आणि छडी दोनदा वर केली.

सिद्धूनं माझ्याकडे पाहिलं. त्याचे हात चालूच होते. मी तिसऱ्यांदा छडी वर केली तेव्हा तो थांबला, आणि त्याच्यामागून सगळे. चौकात एकटा जोतीरामचा सॅक्सोफोन राहिला.

मी वाट बघत होतो. आता सूर फुटेल, आता तो गडबडेल. त्यानं एकदा डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, छडीकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले आणि वाजवायला लागला.

तेच सिनेमाचं गाणं त्यानं धरलं, पण अगदी सावकाश, दमून घरी चालल्यासारखं. मग ते गाणं सुटलं आणि दुसरंच काही आलं. संध्याकाळी मेंढरं वळवताना धनगर घालतात ती लांब साद मी लहानपणी माळावर ऐकली होती, ती आली. ती एकदा वर गेली, खाली आली, आणि खाली आल्यावर तिच्यात ढोलासारखे ठोके यायला लागले. सगळा चौक गप्प झाला, असं काही झालं नाही. पोरं हसत होती. एकानं तोंडानं पिपाणीचा आवाज काढला. विजयसिंह शिव्या देत होता. पण समोरच्या ओट्यावर धान्य निवडत बसलेली एक म्हातारी, धोंडाबाई तिचं नाव, सूप मांडीवर तसंच ठेवून उठली आणि रस्त्यावर येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. घोडाही उभा होता.

मग सिद्धूनं ड्रमच्या कडेवर काडी वाजवली. हळूच. मी छडी हलवलेली नव्हती. एकेक करत सगळे शिरले आणि वरात पुढं निघाली. मी बाजूला झालो नसतो तर त्यांनी मला धक्का मारून पुढं नेलं असतं.

लग्न लागल्यावर मी मांडवामागं गेलो. विजयसिंहानं सगळ्यांदेखत माझा पाणउतारा केला होता. जोतीराम खाली बसून सॅक्सोफोन पुसत होता, आणि त्याचा चेहरा इतका निवांत होता की मला ते सहन होईना.

"तुला वाटलं आसंल, अप्पानं वाट दिली. पुण्यातल्यासारखी," मी म्हणालो. "वाट दिली न्हवती. उघडा पाडायला थांबवलं हुतं. भीमाला पाडला तसा. कळलं का?"

"कळलं हुतं की, अप्पा. छडी बघितली मी."

"मग गप का न्हाय झालास?"

"गप झालो आसतो तर परत कवा मिळाली आसती?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. शिवी दिली असती तर मी त्याला ठेवून घेतला असता. "ठेव ते इथं," मी म्हणालो.

त्यानं सॅक्सोफोन पेटीत ठेवला, कोटाची घडी घातली, त्यावर टोपी ठेवली. "वरचा पॅड परत गळायलाय," तो म्हणाला. "पुण्याच्या दुकानात दावा. आन कापडात गुंडाळून ठिवा, तसाच ठिवू नका. येतो मी. मोटर चालू करायची हाय." आणि बनियनवर एस.टी. स्टँडकडे चालत गेला.

महिन्याभरानं बाजारात प्रयागबाई भेटली. मी म्हटलं, "घेतलं बघ वाजंत्र काढून. आता तरी बोलतोय का घरात?" तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "आधी त्ये वाजायचं, तवा कळायचं तरी मानूस घरात हाय म्हनून."

पेटी माझ्या खाटेखाली आहे. पुण्याला काही मी गेलो नाही. इंदापूरचा एक सॅक्सोफोनवाला ठेवून बघितला, तो एका मोसमातच सोडून गेला, दुसरा बघितला नाही. बँड दोन रांगांत चालतो. उजव्या रांगेत ट्रम्पेटच्या मागं आणि सिद्धूच्या पुढं एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी असते. कितीही दाटी झाली तरी माणसं तिथं सरकत नाहीत. मी कोणाला तसं सांगितलेलं नाही.

परवा एका लग्नात मुलीच्या बापानं विचारलं, "अप्पा, तुमच्यात येक मानूस कमी हाय का?"

"न्हाय," मी म्हणालो, "आमच्या बँडात तेवढी जागा सोडायची पद्धत हाय," आणि छडी उचलून पुढं चालायला लागलो.