गालावरचं काम

दोन हजार एकोणीस सालच्या फेब्रुवारीत, एका दुपारी, काकूंनी मांडीवरच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडलं, तेव्हा सून त्यांच्या हातांवर मोबाइल रोखून उभी होती.

"आई, सावकाश. पुन्हा एकदा उघडा. झाकण जरा अडकल्यासारखं करा."

"अडकत नाहीये ते."

"म्हणूनच म्हटलं, अडकल्यासारखं."

काकूंनी झाकण लावलं, ओढाताण केल्याचं नाटक केलं आणि पुन्हा उघडलं. दारातून मुलगा म्हणाला, "आई, आता तुला डोळ्यांत पाणीही आणायला लावेल ही. तयारीत राहा."

स्टुडिओ काकूंच्या यजमानांनी थाटलेला. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आता मुलगा चालवत होता. चालवत होता म्हणजे सकाळी शटर वर करायचा आणि संध्याकाळी खाली ओढायचा. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आल्यापासून पासपोर्टच्या फोटोखेरीज कोणी पायरी चढत नव्हतं. सुनेनं स्टुडिओचं पेज काढलं, हसरी बाळं टाकली, नदीकाठी उभी केलेली जोडपी टाकली. लाईक आले ते सगळे तिच्या माहेरच्यांचे. मग माळा साफ करताना तिच्या हाती हा डबा लागला.

डब्यात फोटोंच्या जोड्या होत्या. एकाच माणसाचे, एकाच क्षणाचे दोन फोटो. एकात तोंडावर देवीचे व्रण, दुसऱ्यात नाहीत. एकात डोळ्यांखाली काळं, दुसऱ्यात निवळलेलं.

"हे कोणी केलं?" सुनेनं विचारलं होतं.

"मी," काकू म्हणाल्या होत्या. हा प्रश्न त्यांना उभ्या जन्मात कोणी विचारला नव्हता.

त्या काळी फोटो काढला की निगेटिव्ह काकूंकडे यायची. खिडकीशी उतरत्या काचेचं मेज होतं, खाली आरसा, आरशातून वर येणारा उजेड. काकू पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करत आणि निगेटिव्हवर, जिथे डाग असेल तिथे, मुंगीच्या पावलांएवढ्या रेघा भरत जात. श्वास रोखून. मुलगा पोटात असतानाही त्यांनी ते काम सोडलं नाही. फक्त मेज थोडं पुढे सरकवलं. आधी एक कच्ची प्रत निघे, काय काय काढायचं ते कळावं म्हणून. काम झालं की ती फाडायची, हा यजमानांचा दंडक.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणत. "माणूस आपला चेहरा आपल्यापाशी विश्वासानं ठेवून जातो."

काकू फाडत. पण जे काम मनासारखं उतरे त्याची कच्ची प्रत मात्र त्यांच्यानं फाडवत नसे; पक्क्याच्या एका जादा प्रतीबरोबर ती डब्यात जाई. पक्क्या फोटोच्या कोपऱ्यात यजमानांची झोकदार सही असायची. काकूंनी काय केलं ते कुठेच नव्हतं. ते होतं फक्त त्या दोन फोटोंमधल्या फरकात.

सुनेनं त्या फरकाचा व्हिडिओ केला. डावीकडे कच्चा चेहरा, उजवीकडे पक्का, मध्ये काकूंचे सुरकुतलेले हात. खाली लिहिलं, 'हे हात माझ्या सासूबाईंचे.' चार दिवसांत तो इतक्या लोकांनी पाहिला की मुलगा जेवताना मोबाइल ताटाला टेकवून बसू लागला. स्टुडिओत माणसं आली. कुणाला आजोबांचा फाटका फोटो नीट करून हवा होता, कुणाला तसाच काळापांढरा काढून हवा होता, आणि एक मुलगी नुसती काकूंचे हात बघायला आली होती. तिनं ते हातात घेतले. काकूंनी तिला चहा पाजला आणि ती गेल्यावर बराच वेळ हातांना तेल चोळत बसल्या.

"आणखी द्या ना आई," सून म्हणे.

काकू निवडून देत. जे वारले त्यांचे, जे गाव सोडून गेले त्यांचे. निवडताना यजमानांच्या फोटोकडे त्या पाठ करून बसत. पण ते उजेडासाठी, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं.

पुढे पुढे तेच ते पाहून लोक विटले. आकडा खाली आला. एका संध्याकाळी सून खालच्या कमेंटा वाचून दाखवत होती. छान, सुंदर, नमस्कार, आणि मग ती मध्येच थांबली.

"काय झालं? वाच की."

"काही नाही. कुणी रिकामटेकडा आहे."

"वाच."

"म्हणतोय, हे सगळं अ‍ॅपनं केलंय. हातानं असं होतच नसतं, म्हातारीला नुसतं पुढे बसवलंय."

रात्रीचं जेवण काकूंनी नेहमीसारखं वाढलं. दुसऱ्या दिवशी सून पेजवर बसली तेव्हा त्यांनी डब्याच्या तळाचा, कागदात वेगळा गुंडाळलेला जोड काढून तिच्यापुढे ठेवला.

"हे बघ म्हणावं. आहे का अ‍ॅपची छाती?"

अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी होती. डाव्या गालावर, डोळ्याच्या कडेपासून जबड्यापर्यंत, भाजल्याचा डाग. दुसऱ्या फोटोत तो गाल असा, की त्यावर आत्ताच कुणी हात फिरवला असावा. नुसता डाग काढला नव्हता. कातडीचा पोत आणला होता, गालाच्या हाडाखालची सावली आणली होती.

"बाप रे," सून म्हणाली. "कोण ही?"

"होती एक," काकू म्हणाल्या.

ती होती शिवणबाई. दोन गल्ल्या पलीकडे कपडे शिवायची आणि चाळीस वर्षं रोज चारला चहाला काकूंकडे यायची. काकूंची बाजू घेणारी अशी ती एकटीच. यजमान समोर असतानासुद्धा म्हणायची, "काम करायचं हिनं आणि सही ठोकायची तुम्ही. आयत्या बिळावर नागोबा!" यजमान हसायचे. काकूही हसायच्या.

तो डाग तिला लहानपणी उकळत्या पाण्यानं पडलेला. काकूंना ते ठाऊक होतं. पण शिवणबाईचा नवरा लवकर गेला, पदरी एकच मुलगी, आणि ती मुलगी कळती झाल्यावर तिला सांगितलेली गोष्ट निराळी होती. तू रांगत स्टोव्हपाशी गेलीस, मी तुला ओढलं आणि माझं तोंड पोळलं. पुरावा भिंतीवर होता. लग्नाआधीचा फोटो, स्वच्छ गाल. मुलगी शिकून नर्स झाली. परदेशातल्या इस्पितळातून तिला दोनदा बोलावणं आलं. एकदा एक चांगलं स्थळही आलं, पण मुलगा दूर राहणारा. एकदा चहाच्या वेळी काकूंसमोरच ती म्हणाली होती, "आईला टाकून कशी जाऊ, काकू? तिनं माझ्यापायी तोंड जाळून घेतलं." तेव्हा शिवणबाई कपातल्या चहाकडे बघत होती. काकूंनी बशी उचलून आत नेली होती.

आताही त्यांनी विचार केला नाही असं नाही. शिवणबाईकडे साधा, बटणांचा फोन. मुलगी दिवसभर ड्यूटीवर. नाव कुठे टाकायचं नाही. शिवाय इतक्या वर्षांनी कोण कुणाला ओळखतंय?

तो व्हिडिओ पहिल्याहून दुप्पट चालला.

पाचव्या दिवशी दुपारी नर्स स्टुडिओत आली. अंगावर इस्पितळाचाच पोशाख होता. काउंटरवर सून होती. तिच्याकडे न बघता ती सरळ मागच्या खोलीत गेली आणि काकूंसमोरच्या स्टुलावर बसली. सून मागोमाग येऊन दारात थांबली.

"काकू, हा फोटो आईचा ना?"

तिनं मोबाइल पुढे धरला. काकूंनी चष्मा शोधल्यासारखं केलं. तो त्यांच्या डोळ्यांवरच होता.

"उजवीकडचा आमच्या भिंतीवर आहे," नर्स म्हणाली. "लहानपणी मी त्याच्यासमोर उभी राहून रडायचे. मग आई मला शिवणाच्या चिंध्यांची बाहुली करून द्यायची."

काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"डावीकडचा मी कधी पाहिला नव्हता." ती थोडं हसली. "हल्ली कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते करता येतं, नाही का? आमच्या वॉर्डातली पोरं मोठ्या डॉक्टरांनासुद्धा कुत्र्याचे कान लावतात. वहिनींना व्हिडिओ करायचा होता, म्हणून त्यांनीच डाग घातला असेल. हो ना?"

रोग्याची माणसं डॉक्टरांच्या तोंडाकडे बघतात तशी ती काकूंच्या तोंडाकडे बघत होती.

सुनेला पुरतं काही ठाऊक नव्हतं, पण ती चलाख होती. "हो ताई," ती दारातून पटकन म्हणाली, "म्हणजे मी थोडं इकडेतिकडे केलं होतं खरं. लोकांना असलंच आवडतं. चुकलंच माझं. आत्ता काढून टाकते."

नर्सचे खांदे खाली आले. काकूंनी नुसती मान हलवायची होती.

"तिला काय येतंय?" काकू म्हणाल्या. "डाग घातलेला नाही. काढलाय. मी काढलाय, हातानं. चार दिवस त्या एका गालावर बसले होते."

पुढच्या खोलीत कोणीतरी पासपोर्टच्या फोटोसाठी हाक मारत होतं. सून गेली नाही.

नर्सनं मोबाइल बंद करून खिशात ठेवला. "सुरेख काढलात," ती म्हणाली. "कळतसुद्धा नाही."

ती गेल्यावर सून म्हणाली, "आई, मी सांभाळून घेत होते ना." काकूंनी डब्याचं झाकण लावलं. या वेळी ते खरंच नीट बसेना. मग त्या तशाच उठल्या आणि चारचा चहा टाकायला आत गेल्या. दोन कप टाकला. एकच प्यायला गेला.

नर्सनं आईशी भांडण केल्याचं कुणी ऐकलं नाही. वर्ष सरायच्या आत ती परदेशी गेली आणि तिकडेच राहिली. तिथल्या घरमालकिणीच्या भावाशी, चाळिशी उलटल्यावर, तिनं लग्न केलं. आईला ती दर रविवारी फोन करते, औषधं घेतलीस का विचारते आणि ठेवते. व्हिडिओ सुनेनं त्याच दिवशी काढून टाकला, पण तोवर तो इतरांच्या पेजांवर पोचला होता आणि अजून फिरतोच आहे. मुलानं बाजारपेठेत दुसरा, मोठा स्टुडिओ घेतला. सून आता दुसऱ्या दुकानदारांना पेज कसं वाढवायचं ते शिकवते. डब्याबद्दल मात्र तिनं सासूबाईंना पुन्हा विचारलं नाही. शिवणबाईनं मशीन विकलं. ती चहाला आली नाही, आणि का येत नाही हे विचारायला काकू गेल्या नाहीत.

एकदाच दोघींची गाठ पडली, डोळ्यांच्या दवाखान्यात. बाकावर काकूंच्या शेजारीच काय ती जागा होती. शिवणबाई जन्मभर माणसाच्या डाव्या हाताला बसत आली होती, चांगला गाल दिसावा म्हणून. त्या दिवशी ती काकूंच्या उजव्या हाताला बसली.

"मोतीबिंदू?" तिनं विचारलं.

"हो. तुझा?"

"माझाही. तुमचं बरं चाललंय म्हणे."

"चाललंय."

"चांगलं झालं," शिवणबाई म्हणाली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसली.

नंबर यायला वेळ होता. काकू त्या गालाकडे बघत होत्या. वयानं कातडी सैलावली होती, डागाची कड सुरकुत्यांत मिसळून गेली होती. कुठून सुरुवात करावी हे आता चटकन सांगता आलं नसतं. त्यांनी डोळे बारीक केले. मांडीवर त्यांची तीन बोटं जवळ आली होती आणि अगदी हलकेच, मुंगीच्या पावलांनी, पुढे सरकत होती.