मास्तरांनी बोटांनी पाहिलेला नकाशा

मित्रांनो, रस्ते विभागाच्या कोठीत मोडक्या खुर्च्यांमागे जे घडीचे टेबल उभे करून ठेवले आहे ना, ते मी.

वीस वर्षे माझ्या पाठीवर नकाशे पसरले गेले. कुठला रस्ता किती रुंद, कुठे पट्टे, सारे माझ्यावरच ठरे. पण त्यांतला एकही रस्ता मी पाहिला नव्हता. खरे सांगू? साहेबांनीही ते गाडीच्या काचेतूनच पाहिले होते.

मग विभागात नव्या इंजिनिअरबाई आल्या. एका गजबजलेल्या रस्त्यावर, लोकांना तो ओलांडता यावा म्हणून पट्टे मारायचे होते. साहेबांनी नकाशावर बँकेसमोर खूण केली.

"तिथल्या लोकांना विचारू या का?" बाई म्हणाल्या.

"विचारत बसलो तर झालंच काम!" साहेब हसले. "रविवार तुमचा आहे, काय ते करा."

रविवारी सकाळी बाईंनी मला टेम्पोत घातले आणि थेट त्या रस्त्याच्या कडेला मांडले. भरधाव गाड्यांच्या वाऱ्याने नकाशा फडफडत होता. लोक जमले आणि त्यांनी आधी मनसोक्त तोंडसुख घेतले. "रस्ता रुंद केलात तेव्हा कुठे होतात?" बाईंनी निमूटपणे सारे लिहून घेतले.

गर्दीत संगीताचे एक मास्तर होते. त्यांना दिसत नसे. आठ महिन्यांपूर्वी स्कूटरने उडवल्यापासून लेक त्यांना एकटे बाहेर सोडत नव्हती. आजही तिने त्यांचा दंड घट्ट धरला होता.

"मला काय कळणार नकाशातलं?" मास्तर म्हणाले.

ते ऐकून समोरच्या शिंपीणकाकू दुकानातून जाड दोरा, बटणे आणि गोंद घेऊन आल्या. रस्त्याच्या रेघांवर त्यांनी दोरा चिकटवला, दुकानांच्या जागी बटणे. "हं, आता बघा, मास्तर."

मास्तरांची बोटे माझ्यावरून हळूहळू सरकली आणि बँकेपाशी थांबली. "इथे नको. वळण आहे. गाडी ऐकू येईपर्यंत अंगावर आलेली असते. औषधांच्या दुकानापाशी मारा पट्टे. तिथे दोन्हीकडचं लांबून ऐकू येतं."

"खरंच की!" दूधवाला म्हणाला. "बँकेसमोर मला डोळे असून दिसत नाही."

सोमवारी बाईंचे टिपण वाचून साहेब स्वतः बँकेसमोर जाऊन उभे राहिले. वळणावरून टेम्पो आला, तशी त्यांनी टुणकन मागे उडी मारली. कचेरीत परतताच त्यांनी खोडरबर मागितले.

दोन महिन्यांनी औषधांच्या दुकानासमोर पट्टे आले, गाड्यांना आवरणारा उंचवटाही आला. "काही चुकलं असेल तर सांगा," म्हणत बाईंनी मला पुन्हा तिथे मांडले. मास्तर लेकीला म्हणाले, "सोड आता." तिने हात सोडला, पण श्वास रोखून धरला. मास्तर काठी टेकत पलीकडे पोहोचले आणि वळून ओरडले, "काय गं, येतेस, की न्यायला येऊ?"

सगळा रस्ता हसला. लेक तेवढी रडली.

पुढे बाईंची बदली झाली, नकाशे संगणकात गेले आणि मी कोठीत आले. मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण रस्ता आखाल तेव्हा एखादे टेबल त्या रस्त्यावर नेऊन मांडा. आणि तिथून चालताना ज्याला सगळ्यांत जास्त भीती वाटते, त्याला आधी बोलवा.