झोपाळ्याची रिकामी बाजू

"यावर एकट्याने बसू नका हं! हा दोघांनी बसायचा आहे." मला टांगताना मिस्त्रींनी वनमाळीभाईंना असं बजावलं होतं.

मित्रांनो, मी गुजरातमधल्या महुव्यातल्या एका घरचा जुना झोपाळा आहे. माझी फळी सागाची, कड्या पितळेच्या. वनमाळीभाई बाजारात कांद्याचा लिलाव पुकारत. सकाळी निघण्याआधी ते माझ्यावर पत्नी लाभुबेनशेजारी बसून बशीतून चहा पीत.

"कसा झालाय?" लाभुबेन विचारत.

"फिका! साखर संपली की प्रेम?"

चहा कितीही गोड असो, उत्तर ठरलेलं. मग दोघं हसत आणि त्या हसण्यात माझ्या कड्याही किणकिणत.

मग एकदा ते बाजारात पोत्यांच्या थप्पीवरून पडले. डोक्याला जबर मार बसला. इस्पितळातून ते स्वतःच्या पायांनी घरी आले, पण बोलणं मागेच राहिलं. समजत बहुतेक सगळं होतं. तोंडातून मात्र "बस, बस" एवढंच निघे. पाणी हवं असलं तरी "बस", रडू आलं तरी "बस".

लाभुबेननी देव्हाऱ्यातल्या ठाकोरजींपुढे व्रत घेतलं: यांची वाचा परत येईपर्यंत माझंही मौन. त्यात भक्तीच होती, मित्रांनो. पण घर मुकं झालं. शेजारच्या मंछाबेन येत आणि बहिऱ्याशी बोलावं तशा ओरडत, "भाऽई, चहा घेणार? घेणारच! आण गं लाभु." भाईंचे ओठ जुळायच्या आत उत्तर देऊन मोकळ्या. हळूहळू भाईंनी ओठ हलवणंच सोडलं. आपल्या बाजूला एकटेच बसत, दुसरी बाजू रिकामी ठेवून. मी तिरका झुलत राही. कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

काल शाहेदाबेन आल्या. हरवलेलं बोलणं पुन्हा शिकवणं हे त्यांचं काम. लाभुबेननी खुणेनेच विचारलं, बोलणं परत येईल ना?

"मार कुठे लागला, किती खोल गेला, ते आपल्या हाती नाही, बेन," त्या म्हणाल्या. "पण रोज त्यांच्याशी किती बोलणं होतं, उत्तराला किती वेळ मिळतो, मन किती उभारी धरतं, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. तुमचं व्रत देवाला पोचलं असेल. बोलण्याचा उपास मात्र यांना घडतोय."

लाभुबेनचे डोळे भरले. मौन मोडलं तर भाईंची वाचा कायमची जाईल, हीच त्यांची भीती होती.

"मोडू नका, बदला. रोज इथे शेजारी बसून विचारायचं आणि थांबायचं. त्यांचा शब्द आपण बोलायचा नाही. तेवढं मौन पाळाल?"

लाभुबेन ठाकोरजींपुढे बराच वेळ बसल्या. मग परत येऊन त्यांनी शाहेदाबेनच्या हातावर हात ठेवला.

मित्रांनो, कुणाचे शब्द हरवले तर त्याला एकटं झुलू देऊ नका. ओरडू नका, घाई करू नका. शेजारी बसा.

आज सकाळी पूजा आटोपून लाभुबेन दोन बशा घेऊन आल्या. रिकाम्या बाजूला बसल्या आणि मी सरळ झालो. इतक्या दिवसांचा बसलेला घसा त्यांनी खाकरून मोकळा केला.

"अहो, चहा कसा झालाय?"

भाईंनी मान वर केली. ओठ हलले. दारातून मंछाबेन काही बोलणार, तोच लाभुबेननी हात वर करून त्यांना थांबवलं. मग पायाच्या अंगठ्याने मला हळूच झोका दिला आणि त्या वाट पाहत राहिल्या.