छत्तीस किलोची पकड

माहा नवरा फौजेत होता, नायक ललित तायडे. अकरा वर्सापूर्वी तिकडं बर्फात ट्रकचा मागचा फळका सुटला अन् यायच्या उजव्या मनगटावर आदळला. मनगटातलं एक बारकं हाड मोडलं, ते काई जुळलंच नाई. अन् यायनं काय करावं? पट्टी बांधली अन् आठ दिवस पेट्या उचलल्या! काहून, तं पोस्टवर मानसं कमी होती म्हने. आता सांगा, अशा मानसाले काय म्हनावं!

रिटायर होतानी डॉक्टरायनं मनगटाचं अपंगत्व लिवलं पंधरा टक्के. विसाच्या खाली असलं की अपंगत्वाची पेन्शन नाई. म्हन्जे हात कामातून गेला, पन कागदावर चांगला. त्याच्यावर आमी अपील केलं. अपिलाची तपासणी एकदाच होते. तिथं हुकलं की मंग कोर्टाच्या पायऱ्या झिजवा.

घरी यायच्या शर्टाच्या गुंड्या मी लावून देतो. भाकर मोडता येत नाई, तं मी चुरून देतो. कुलूप उघडायचं तं डाव्या हातानं. पन पाव्हना आला की उजवा हात खिशात! किती खेप इचारलं, "अहो, दुखते का?" तं म्हनते, "जरासा आखडला." एका शब्दानं कधी कबूल केलं नाई.

त्या दिवशी अकोल्याहून सकाळच्या एस.टी.नं अमरावतीले निघालो. मे महिना. मूर्तिजापूर येता येताच खिडकीची सळई पोळून राहिली होती. मी रस्ताभर यायच्याकडून घोकून घेतलं, जेवढं दुखते तेवढं सांगायचं, कमी नाई अन् जास्त बी नाई.

"अवं, मले समजते ना," हे म्हनले.

"समजते, तं आता स्टँडवर बॅग उजव्या हातानं काहून उचलली?"

"लोकं पाहून राहिले होते."

घ्या! लोकं म्हन्जे कोन, तं एक काकडीवाला अन् दोन म्हाताऱ्या.

अमरावतीत एका हॉलात लष्कराचे डॉक्टर दोन दिवसांसाठी आले होते. दारातच देवीदासभाऊ भेटले. ते बी रिटायर फौजी, आमचा अर्ज त्यायनंच लिवून देला होता. "जयभीम, वहिनी," म्हनले अन् यायले बाजूले घेतलं.

"हे पाह्य, ललित. आत पकड मोजायचं मशीन हाय. घरी चहाचा कप जेवढा धरता येते, तेवढंच दाबजो. गेल्या खेपेले अंजनगावचा एक सुभेदार मर्दानगी दाखवून आला, अन् बसला घरी पेन्शनबिगर."

यायनं मान हालवली. मले काई ती मान पटली नाई.

सोबतीचं मानूस म्हनून मले बी आत येऊ देलं. मी भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली. टेबलामागं तीन डॉक्टर होते. मधले कर्नल साहेब, पिकल्या मिशीचे. त्यायनं एक्स-रे खिडकीशी धरला. "हड्डी तो जुडी नहीं," म्हनले. माह्या जिवात जीव आला. मनगट फिरवून पाहिलं, ते अर्ध्यातच अडलं. ते बी लिवलं. मी मनात म्हनलं, झालं, आता वीस टक्के कुठं जात नाई.

मंग मशीन आलं. डाव्या हाताचे चाळीस किलो भरले. उजव्या हातात मशीन देलं अन् कर्नल साहेब म्हनले, "चलो जवान, पूरा जोर!"

बस्स. सारं मुसळ केरात! जवान म्हनलं अन् माहा नवरा हातचा गेला. बेचाळीस वर्साचा मानूस, पन पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली, दात आवळले. कपाळाची शीर तट्ट फुगली. सोडा, अहो सोडा ना, मी मनात ओरडून राहिली होती. काटा वीसवर गेला, अठ्ठावीसवर गेला, अन् छत्तीसवर थांबला.

"दर्द?"

"नो सर!"

"शाबास," कर्नल साहेब म्हनले अन् लिवाले लागले.

माह्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठलीच. "साहेब, हे खोटं बोलून राहिले! दुखते यायले!"

"मॅडम, आप बाहर बैठिए."

थोड्या वेळानं यायले बी बाहेर पाठवलं. मी काई सोडलं नाई. "बहादुरी दाखवाले आले होते काय? शाबासकी भेटली ना? आता तीच बसा चाटत!" हे उजवा हात डाव्या काखेत दाबून बसले होते. तोंड पांढरंफट पडलं होतं.

इतक्यात कारकून कागद घेऊन आला. "हे तुमचं बयान. पकड छत्तीस किलो, दुखत नाई. खाली सही करा, की झालं."

यायनं पेन घेतला. पेन खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्या खेपेले मीच पेन बोटात धरून देला, तं बोटंच मिटेनात. मशीन दाबता दाबता होती नोती तेवढी ताकद खर्चून टाकली होती या बाबानं.

कारकुनानं घड्याळ पाहिलं. "राहू द्या. अंगठा लावा," म्हनला, अन् शाईचा पॅड उघडून यायच्या पुढं धरला.

अंगठा! यायच्या आज्यानं दुसऱ्याच्या वावरात राबून पोरं शिकवली. त्या घरात दोन पिढ्यात कोनी अंगठा लावला नोता. अन् यायनं तं गावातल्या किती म्हाताऱ्यायले स्वतः सही करायले शिकवलं होतं. अंगठा लागला की अपील संपलं, हे मले समजून राहिलं होतं. पेन अजून माह्याच हातात होता.

यायनं त्या शाईकडं लय वेळ पाहिलं. मंग डाव्या हातानं पॅड मिटला, कागद उचलला, अन् कोनाले न इचारता खांद्यानं दार ढकलून आत गेले. "अहो, असं जाता येत नाई!" म्हनत कारकून मागं धावला. दार अर्धं उघडंच राहिलं.

मी दाराशी गेली. हे टेबलापुढं उभे होते. सावधान नाई, काई नाई. हात पोटाशी धरलेला.

"साब, सही नहीं हो रही. झूठ बोला मैंने. दर्द है."

"कब से?"

"ग्यारह साल से. रोज."

 कर्नल साहेबायनं कागद घेतला. यायच्या न मिटनाऱ्या बोटायकडं पाहिलं. मंग कारकुनाले म्हनले, "ये छत्तीस काटो. फिर से देखेंगे. बैठो, हाथ टेबल पर रखो. और इस बार छुपाना नहीं."

कारकुनानं येऊन माह्या तोंडावर दार लावलं. मी दाराले कान लावून उभी राहिली. आधी खुर्ची सरकली.  अन् मंग आतून यायचा आवाज आला, "आई गं!"

तेरा वर्साच्या संसारात माह्या नवऱ्याले ओरडतानी मी पहिल्यांदा ऐकलं. अन् मी, यायची बायको, बाहेर दोन्ही मुठी आवळून म्हनून राहिली होती, ओरडा, अजून जोरानं ओरडा, लिवून घेऊ द्या डॉक्टरायले.