आलोइसचा गुलाबी

गावच्या चर्चला नवी खिडकी होणार म्हटल्यावर मी आधी नाकच मुरडलं. ना येशू, ना मरियम; नुसते रंगांचे ढग! करणारी वीब्के, हॅम्बुर्गकडची पोर. मी तोंडावरच म्हटलं, "अगं, संत काय घरी विसरलीस?"

"त्यांना यायला जागा ठेवलीय, आजी," ती हसली. पण लगेच तोंड पाडून बसली. मधल्या ढगासाठी तिला हवा तसा गुलाबी मिळत नव्हता. आमच्या गावच्या काचकारखान्यात अजून तोंडाने फुंकून काच करतात, पण तो गुलाबी आता कुणालाच जमत नव्हता.

"कसा जमेल? तो आमच्या आलोइसच्या हातचा. एक काच अजून आहे माझ्या घरी," मी तोऱ्यात बोलून गेले. जिभेला हाड नसतं हेच खरं.

आलोइस माझा नवरा. चाळीस वर्षं काच फुंकली त्याने. शेवटची काच बुडबुडे फार म्हणून बाद झाली, तेव्हा ती बगलेत मारून घरी आला. म्हणाला, "क्रेशेंझ, यात माझा श्वास आहे." बुडबुडे भट्टीतल्या वायूचे असतात म्हणे. असोत बापडे! तो गेल्यापासून सहा वर्षं ती काच माझ्या खिडकीत उभी आहे. सकाळी मला जाग येते ती गुलाबी उजेडात. त्याची उशी, माझे हात, सगळं तरंगत असतं. अर्धवट झोपेत मी त्याला दुधाकडे लक्ष द्यायलासुद्धा सांगते.

वीब्के आली, काचेसमोर उभी राहिली आणि काही मागेचना. हावरटासारखी मागितली असती, तर हाकलून तरी दिली असती.

"कापावी लागेल ना?" शेवटी मीच विचारलं.

"हो. हा मोठा बुडबुडा नेमका रेघेत येतोय, आजी. फुटेल तो."

तीन सकाळी मी त्या उजेडात पडून रडले. चौथ्या दिवशी काच गोधडीत गुंडाळली आणि स्वतः तिच्या कामाच्या खोलीवर घेऊन गेले.

तिने काचेवर रेघ ओढली. "थांब गं," म्हणत मी वाकले, तोंड अगदी बुडबुड्याजवळ नेलं. "हं, आता मोड."

कट्‌ झालं. मी छाती भरून श्वास घेतला आणि धरूनच ठेवला.

"आजी! श्वास सोडा ना!" वीब्के घाबरली.

सोडते, म्हणायचं होतं मला. पण तेवढं म्हणायलासुद्धा तो सोडावाच लागणार होता.