सकाळचा लाडू

रळियातबेन गेल्याचं मंडळाला कळलं तो सोमवार होता, आणि कळण्याच्या जरा आधीपर्यंत मंडळ आनंदाने नुसतं उड्या मारत होतं. उड्या मारण्यासारखे गुडघे त्यांच्यात कुणाचेच नव्हते म्हणा, पण आवाज तसा होता.

चूक दुर्लभभाईंची, रळियातबेनच्या नवऱ्याची.

बारावं उरकलं, पाहुणे पांगले, मुलगी आणंदला सासरी परत गेली. जामनगरच्या घरात दुर्लभभाई एकटे राहिले. बायकोला ताप आला होता, तो छातीत उतरला आणि हॉस्पिटलात नेल्यावर ती परत आलीच नाही. तिचा फोन तेवढा परत आला होता, तो कपाटात बंद पडलेला. त्या सकाळी त्यांनी तो चार्जिंगला लावला. चालू झाल्याबरोबर फुटाणे भाजल्यासारखा तो तडतडायला लागला.

कडकड मंडळ! फोनवरचं मंडळ. सगळे सांधे धरलेले लोक. कुणी राजकोटचं, कुणी मोरबीचं, कुणी सिद्धपूरचं, आणि एकमेकांना समोरासमोर कुणीच पाहिलेलं नाही. त्यांची एक रीत होती. सकाळी उठलं की चहाच्या आधी आपली मूठ वळायची, वळेल तेवढी, आणि तिचा फोटो मंडळावर टाकायचा. बोटं सरळच राहिली तर ती पुरी. अर्धवट वळली तर कचोरी. पूर्ण मिटली तर लाडू. सकाळी लाडू कुणाचाच होत नसे. दुपारी कुणाचा झाला तर त्याचं बारसं केल्यासारखं कौतुक. अक्षरं दाबायला बोटं चालत नाहीत, म्हणून बाकी सगळं बोलणं आवाज भरून पाठवायचं.

दुर्लभभाईंना हे कानावरून माहीत होतं. रोज सकाळी बायको ओट्यावर हात ठेवून फोटो काढायची, मग फोन तोंडाशी धरून काहीतरी पुटपुटायची आणि खुदुखुदु हसायची. एवढं काय हसते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचा पितळेचे पार्ट बनवायचा कारखाना. सकाळी डोक्यात लेथचं मशीन फिरत असायचं.

आता ते जुने फोटो बघत बसले. मुठीच मुठी. मध्येच तिची मूठ. हिरवी बांगडी, वाकडी करंगळी. पुरी, कचोरी, पुन्हा पुरी. आपली मूठ तिच्या मुठीशेजारी कशी दिसेल, असं त्यांना का वाटलं कोण जाणे. कॅमेरा उघडला, मूठ वळली, अंगठा कुठेतरी लागला आणि फोटो मंडळावर गेला.

"लाडू!" पहिला आवाज जसुमतीबेनचा. राजकोटच्या निवृत्त मुख्याध्यापिका, मंडळ त्यांनीच काढलेलं. "अरे उठा सगळे! रळियातचा लाडू! आणि तोही सकाळी! कुठे होतीस गं इतके दिवस? मुलीकडे गेलीस ते सांगून नाही जायचं?"

"बेन, हा लाडू नाही, तोफगोळा आहे," करसनभाई बोलले. मोरबीत टाइल्सच्या भट्टीसमोर उभं राहून राहून त्यांचे गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. "पण एक विचारू का? हातावर एवढे केस कधीपासून?"

"गप बस करसन!" या सिद्धपूरच्या हुसेनाबेन, शिवणकाम करणाऱ्या. "स्टिरॉइड आहे ते. गोळी वाढवली की असंच होतं. मला नाही का ईदच्या वेळी मिशी फुटली? आमचे साहेब, घरवाले हो, म्हणाले, चल, आता एकाच न्हाव्याकडे जाऊ दोघं."

"आणि बोटं एवढी जाड?"

"सूज रे बाबा. स्टिरॉइडचीच."

"आणि बांगडी कुठाय?"

"तेवढ्या सुजेत बांगडी राहील होय? कापून काढली असणार."

दुसऱ्या कुणाही माणसाने फोटो बघून सांगितलं असतं की हा पुरुषाचा हात आहे. पण या लोकांनी औषधांनी माणसाचं काय काय होतं ते आपल्याच आरशात पाहिलेलं. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण होतं.

"रळियात, डॉक्टरचं नाव सांग आधी!" जसुमतीबेन म्हणाल्या. "केस येऊ देत. मी वेणी घालीन हातावर, पण मूठ मिटली पाहिजे!"

आणि दुर्लभभाईंना हसू फुटलं. भिंतीवर बायकोचा फोटो, त्याला चंदनाचा हार, आणि खाली हा माणूस पोट धरून हसतोय. शेजारच्यांनी ऐकलं तर काय म्हणतील म्हणून त्यांनी तोंडात धोतराचा सोगा कोंबला. मग सोगा काढला, बटण दाबलं आणि एका दमात बोलून टाकलं, "मी दुर्लभ बोलतोय. रळियातचा घरवाला. रळियात गेली. मूठ माझी आहे."



मग एक फोटो आला. उघडा तळवा. मग दुसरा, मग आणखी. नमस्काराला हात जुळत नव्हते त्यांचे, म्हणून प्रत्येकाने आपला तळवा जसा होता तसा पाठवला होता. दुर्लभभाई ते बघत राहिले. शेवटी हुसेनाबेनचा आवाज आला, रडून रडून बसलेला, "भाई, माफ करा हं... आणि मी मेली मिशीचं बोलत बसले!"

यावर दुर्लभभाई पुन्हा हसले, आणि या खेपेला रडलेही.

त्या दिवसापासून त्यांनी बायकोचे आवाज ऐकायला घेतले. सगळे मंडळातच पडून होते. ती रोज सकाळी मंडळाला एक किस्सा सांगायची, आणि प्रत्येक किस्स्याचा नायक एकच. "ऐका, तुमच्या भाईंनी काल चहा केला. साखरेच्या जागी मीठ. आणि कबूल करावं लागू नये म्हणून अख्खा कप प्यायले, वर म्हणतात, आज बरा झालाय." "तुमचे भाई पालीला घाबरून स्टुलावर चढले. पाल गेली, तरी उतरेनात. मी म्हटलं, मला गुडघ्यामुळे चढता येत नाही, तुम्हाला कशामुळे उतरता येत नाही?"

दुर्लभभाईंचे कान लाल झाले. अर्ध्या सौराष्ट्राला ते पालीला घाबरतात हे ठाऊक होतं! पण प्रत्येक किस्स्याच्या मागून मंडळाचं हसणं यायचं, करसनभाईंचं घोड्यासारखं, हुसेनाबेनचं उचकी लागल्यासारखं, आणि त्या हसण्यावर पुन्हा रळियातचं हसू. ते हसू त्यांना घरात इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं.

मग जसुमतीबेनचा निरोप आला. आवाज मऊ होता, पण मुख्याध्यापिकेचा.

"दुर्लभभाई, तुम्हाला जड जात असेल तर मी रळियातचं नाव काढून टाकते. मंडळाचा नियमच आहे, ज्याला दुखतं तोच आत. धडधाकट माणूस आला की सल्ले देतो. कोमट पाणी प्या म्हणतो."

तिचे आवाज फोनमध्ये राहिले असते, ते खरं. पण त्यावर हसायचं कुणाबरोबर? मुलीला फोन लावला की ती रडायची. बेसण्याला, म्हणजे दुखवट्याला, आलेली माणसं 'देवाची मर्जी' म्हणून चहा पिऊन गेली. मिठाच्या चहाची गोष्ट रळियातने कुठे थांबून, कुठे आवाज चढवून सांगितली होती, हे फक्त या लोकांना माहीत होतं.

त्यांनी बटण दाबलं. "मलाही दुखतं."

"काय दुखतं?"

"गुडघा. म्हणजे... दोन्ही."

"अस्सं," जसुमतीबेन म्हणाल्या. "मग परीक्षा घेते. सकाळी उठल्यावर आधी कुठला पाय खाली टाकता?"

"उजवा. शुभ असतो."

करसनभाई खिंकाळले. "शुभ! भाई, आमच्याकडे जो कमी बोंबलतो तो पाय आधी!"

"जिना चढताना दुखतं की उतरताना?"

"चढताना. उतरताना बरं वाटतं."

"या अल्ला!" हुसेनाबेनला उचकी लागली. "उतरताना बरं वाटतं! अहो, मी दर उतरणीला आमच्या साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करते!"

"आणि आकाशात ढग आले की?"

दुर्लभभाईंनी खूप विचार केला. ढगांत काहीतरी असणार, नाहीतर विचारलं नसतं. "ढग आले की... भजी खावीशी वाटतात."

यानंतर नुसतं हसणं येत होतं, एकावर एक. करसनभाई म्हणाले, हसून माझी पाठ धरली, आता मला खरंच दुखतंय, याला जबाबदार हा माणूस.

"शेवटचा प्रश्न," जसुमतीबेन हसू दाबत म्हणाल्या. "दात घासायचा ब्रश कसा धरता?"

"त्याच्या दांडीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा. मग बारीक वस्तू जाड होते, पकडता येते. नळाची तोटी फिरत नाही म्हणून तिला पितळेचा लांब दांडा बसवायचा, कोपराने ढकलता आला पाहिजे. ब्लाउजचे हुक काढून चिकटणारी पट्टी लावायची, पण रंग जुळवून, नाहीतर ती घालत नाही."



"हे तुम्हाला कसं ठाऊक?" जसुमतीबेननी विचारलं.

"तिच्यासाठी केलं होतं." मग त्यांना खोटं पुढे रेटवेना. "बेन, मला काही दुखत नाही. धडधाकट आहे मी. लाज वाटते, पण आहे. मला फक्त काढू नका."

मंडळात वाद सुरू झाला. करसनभाईंनी वकिली घेतली. "बेन, लोक खोटं दुखणं सांगतात ते कामावरून सुटायला. हा पहिलाच बघतोय जो आपल्यासारख्या लंगड्यांत बसायला खोटं बोलला. याला ठेवाच!" हुसेनाबेन म्हणाल्या, "सल्ला दिला तर?" करसनभाई म्हणाले, "तर पाल पाठवू."

शेवटी जसुमतीबेननी निकाल दिला. "राहा. दोन अटी. एक, तोंडातून 'कोमट' हा शब्द आला की बाहेर. दोन, रळियात आमची एक गोष्ट अर्धी टाकून गेलीय. तुमच्या लग्नाची. तुम्ही मांडवाच्या दाराशी उभे, सासूने रिवाजाप्रमाणे तुमचं नाक धरलं, आणि तेवढ्यात हिचा चहा उतू गेला म्हणून म्हणाली, बाकीचं उद्या सांगते. ती गोष्ट तुम्ही पुरी करायची."

"मी सांगतो काय झालं," करसनभाई म्हणाले. "नाक सासूच्या हातात आलं."

"शिंक आली असणार," हुसेनाबेन म्हणाल्या. "सासूच्या नव्या बांधणीच्या साडीवर."

"सांगतो," दुर्लभभाई म्हणाले.

तेव्हापासून ते मंडळात आहेत. रोज सकाळी मूठ टाकतात, आणि ती रोज टच्च लाडू असते, म्हणून रोज शिव्या खातात. "दाखवतोय बघा मेला!" "बघू नका गं, दृष्ट लागेल आपल्या पुऱ्यांना!" एकदा लाज वाटून त्यांनी मुद्दाम अर्धी मूठ टाकली, तर जसुमतीबेन कडाडल्या, "नकली कचोरी चालणार नाही!" किस्साही रोज सांगतात, स्वतःचाच. खिचडी लावली आणि कुकरला शिट्टी लावायला विसरले, तो. देवळातून दुसऱ्याची चप्पल घालून आले आणि ती आपल्यापेक्षा चांगली निघाली म्हणून परत करायला गेले तर लोकांनी चोर म्हणून धरलं, तो. सुरुवातीला त्यांना सांगता येत नसे, शेवट आधी सांगून टाकायचे. हुसेनाबेननी शिकवलं, "भाई, टाका उसवायची घाई करू नका." आता करसनभाई खिंकाळेपर्यंत ते ओढून धरतात, आणि स्वयंपाकघरात एकटेच ओट्याला टेकून हसतात.

नाकाची गोष्टही सांगायला घेतात. कितीदा घेतली. मांडवाचं दार येतं, वाजंत्री येते, सासूबाई येतात, त्या बुटक्या होत्या म्हणून पाटावर चढतात, हात वर करून नाक धरतात, ते इतकं जोरात की जावयाच्या डोळ्यांतून पाणी. इथपर्यंत मंडळ हसून लोळलेलं असतं. मग वरची खिडकी येते. त्या खिडकीत नवरी लपून बघत होती आणि ती हसली. लग्न ठरवताना दोघं एकदाच भेटले होते, तेव्हा ती मान खाली घालून बसलेली. तिचं हसू त्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ऐकून मान वर केली, सासूबाईंनी धरलेलं नाक खाली ओढलं, आणि डोक्यावरचा साफा मागे न पडता पुढे सासूबाईंच्या डोक्यावर जाऊन असा घट्ट बसला की जावई बोडका आणि सासू नवरदेव.

पण खिडकी आली की तिचं ते हसू कानात वाजतं, त्यांचं बोट बटणावरून सुटतं, आणि मंडळाला मिळतं ते एवढंच, "तेवढ्यात वरच्या खिडकीतून—"

"खिडकीतून काय? पाल पडली?" करसनभाई ओरडतात. "माणूस आहात की मालिका?"

"दम धर रे करसन," जसुमतीबेन म्हणतात. "दुर्लभभाई, घाई नाही. उद्या सांगा."

खिडकीच्या पुढचं त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.