जवभर खाली

माझी कन्या हेमांगी मोबाईलवर अंगठा वर सरकवते तेव्हा ती स्वतः जवभर खाली जाते. सोमवारी फरशी तिच्या घोट्यांपर्यंत आली होती, बुधवारी गुडघ्यांपर्यंत. फरशीला कोठेही तडा नाही.

खालच्या मजल्यावरचे गुळवणी तक्रार घेऊन आले.

“काकू, हेमांगीचे पाय आमच्या पंख्याला लागतात.”

“पंखा बंद ठेवा.”

“या उकाड्यात?”

“तुमचा वारा माझ्या मुलीच्या पायांहून मोठा नाही.”

ते जिना उतरून गेले.

व्यसन म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये. यजमानांची दारू मी सोडवली. उंबरठ्यावर प्रत्येकाने माझ्यासमोर श्वास सोडायचा आणि मगच चपला काढायच्या, हा या घराचा बत्तीस वर्षांचा नियम. हेमांगीने तो कधी मोडला नाही. मी रोज वास घेत असे आणि म्हणत असे, “निर्मळ आहे. ये आत.” तिच्या हातात काय आहे, हे मी पाहिले नाही. त्याला वास नव्हता.

शुक्रवारी फरशी कमरेला लागली, तेव्हा व्यसनमुक्ती केंद्राच्या डॉक्टर आरवाड्यांना बोलावले. त्यांनीही वाकून तिच्या श्वासाचाच वास घेतला.

“याला व्यसन म्हणता येणार नाही, काकू. सवय म्हणू.”

“सवयीने माणूस फरशीत उतरतो?”

“तज्ज्ञांत मतभेद आहेत. मत ठरले की दाखल करून घेऊ.”

“तोपर्यंत?”

“दटावा.”

दटावले. हेमांगीने मान वर केली. तिचे डोळे रडून सुजले होते.

“आई, मला वर यायचंय गं. एवढं एक बघते आणि येते.”

आज फरशी हनुवटीला टेकली. मी मोबाईल काढून घेतला. तिने विरोध केला नाही. रिकामा अंगठा हवेत वर सरकला आणि तिचे ओठ गेले. मी तिचा हात धरून खाली बसले. डोळे माझ्याकडे लागले होते. मग तेही गेले.

“गुळवणी!” आयुष्यात प्रथमच मी कोणाला ओरडून विनवले. “तिला खालून धरा हो!”

“कोणाला धरू, काकू?” खालून आवाज आला. “इथे कालपासून कोणीच नाही.”

मनगटापर्यंतचा हात तेवढा वर उरला आहे. तो उबदार आहे. माझ्या आवळलेल्या मुठीत अंगठा वर सरकतो आहे.